सात हुंदके

"पाठ उघडी कर!"

पालमच्या एसटीत शेजारून आवाज आला आणि मी दचकून वळले. "कुणाला म्हणायलात?"

तो कानापर्यंत लाल! हातातले कागद पुढं करत म्हणाला, "तुमाला न्हाई हो, मॅडम... गुलामाला. सिनेमातल्या."

कंडक्टरसुद्धा हसला.

त्याच्या गावच्या वाचनालयात शनिवारी परदेशी सिनेमे दाखवायचे. आवाज बारीक करायचा नि पोरापोरींनी माइकवर मराठी संवाद वाचायचे. या खेपेला अमेरिकेतल्या, कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांचा सिनेमा होता. संवाद यानंच उतरवलेले. योगीराज— पाटलांच्या घरचा; ओठांआधी डोळेच हसायचे त्याचे.

"मी धम्मशीला. शाळेवर आहे."

माझं नाव ऐकून माणसं क्षणभर थांबतात, मनातल्या मनात माझी गल्ली शोधतात. तो थांबला नाही. "म्हातारीचं काम कराल? तुमचा आवाज लय..."

"लय काय?"

"लय... स्पष्ट हाय."

तालमी सुरू झाल्या. वेचणीचे दिवस होते. शेतातून तो तसाच यायचा. एकदा त्याच्या कॉलरवरचा कापसाचा पुंजका मी अलगद काढला, तर गडी पुढचं वाक्यच विसरला!

मग त्यानं पूर्ण वही दिली. मालकाचा पश्चात्ताप अडीच पानं. माझ्या म्हातारीला? कंसात— हुंदका. सगळे मिळून सात.

"म्हातारी मुकी हाय का?"

"न्हाई, लय बोलते ती. पण वेळ वाढायलाय म्हणून..."

"मालकाचं रडगाणं न्हाई कापलं?"

"ते महत्त्वाचं वाटलं."

"कुणाला?"

तो त्या अडीच पानांवरून बोट फिरवू लागला.

"पुस्तक असो की सिनेमा, आमच्या वाट्याला रडणंच. रडणारा माणूस बघणाऱ्याला गोड वाटतो, बोलणारा टोचतो. माझी आजी तुमच्याच शेतात कापूस वेचायची. मुकादमाची अशी नक्कल करायची, की बाया पोट धरून हसायच्या. ते कोण लिहिणार?" मी वही ठेवली. "मला हुंदके जमत न्हाईत."

चपला घालताना वाटलं, त्यालाही इथंच ठेवून चालले आपण...

तिसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी उभा. डोळे जागरणाचे. "चारदा बघितला सिनेमा. म्हातारी इतकी बोलते, अन् मला ऐकूच आली नव्हती. सगळं लिहिलंय आता. आजीच्या बोलीत तुमी दुरुस्त करा."

शनिवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत त्याचे वडील, भुजंगराव. पडद्यावर बाया कापूस वेचू लागल्या नि मी आजीच्या चालीवर म्हटलं—

कापूस येचिते बाई, बोट बोंडानं सोलतं
पांढऱ्या सदऱ्यामंदी माझं रगत बोलतं

भुजंगराव ताडकन उठले आणि बाहेर चालते झाले. योगीराजचा हात माइकच्या आवाजाच्या बटणावर होता. मी त्याच्याकडं पाहिलं... त्यानं आवाज वाढवला.

खेळ संपल्यावर पायरीवर तो हळूच म्हणाला, "अप्पा सिनेमासाठी न्हाई उठले. परवा घरी सांगितलं मी... धम्मशीलासंगं लग्न करायचंय म्हणून."

"अन् मला कधी विचारणार होतात?"

त्याचा चेहरा असा पडला, की मला हसू आवरेना.

"विचारायलोय... आता."

"मी लय बोलते."

"ऐकायलोय."

मग मी सांगत राहिले. उद्या आमच्या घरी यायचं, आजीसमोर बसायचं, तिचं सगळं ऐकायचं. लग्नानंतर नाव बदलणार नाही, नोकरी सोडणार नाही, अप्पांसमोर मान खाली घालणार नाही... तो पायरीवर बसून मान डोलावत होता.

'हो' मात्र मी सगळ्यात शेवटी म्हटलं.