पांढऱ्या रस्त्यावरचा गुरुवार

त्याने माझा गुरुवार अंगठ्याने पुसून टाकला.

मी वळणावरून गाडी खाली आणली, तेव्हा तो आमच्या द्राक्षबागेच्या चौथ्या खांबाशी गुडघे टेकून बसला होता. जाड टायरची सायकल गवतात आडवी पडलेली, पाय घोट्यापासून मांडीपर्यंत धुळीने पांढरे. खांबाला लावलेली माझी काचपट्टी त्याने डोळ्यांजवळ नेली आणि मी खिडकीची काच खाली करेपर्यंत अंगठा फिरवलासुद्धा.

“काय आहे हे?” त्याने विचारलं.

“गुरुवार होता,” मी म्हटलं. “आता काही नाही.”

पट्टीवर व्हॅसलीनचा पातळ थर असतो. चोवीस तासांत त्यावर बसलेली धूळ मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. हे त्याला समजावून सांगताना माझा आवाज अजिबात चढला नाही. राग आला की माझा आवाज बारीक होतो. घरचे लोक त्यालाच जास्त घाबरतात.

तो घाबरला नाही. त्याचं नाव दुच्चो. सिएना शहराच्या दक्षिण वेशीच्या आत त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि आमच्या टेकड्यांमधल्या खडीच्या रस्त्यांचे नकाशे तो सायकलवाल्यांसाठी बनवायचा. म्हणजे गेली दोन वर्षं मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तो हा. त्याच्या नकाशात आमचा रस्ता आल्यापासून दर रविवारी इथून सायकलींची रांग जायची.

त्या रस्त्याकडेच्या चार ओळी आईने मी जन्मले त्या वर्षी लावल्या होत्या. आईला जाऊन सहा वर्षं झाली. आता त्या वेलींची पानं धुळीने माखायची, धुळीत लाल कोळी ही कीड माजायची आणि ऑगस्टमध्येच पानं करपायची. या वर्षीही तसंच झालं तर द्राक्षं उतरवल्यावर ओळी उपटायच्या, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. उपाय एकच होता, रस्त्यावर डांबर. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी गावच्या सभेत त्याचा निर्णय व्हायचा होता, आणि सभेत आकडे मी मांडणार होते.

“डांबर?” दुच्चो उभा राहिला. “या वळणावर? अहो, इथून वेली एकदम खाली उतरतात आणि समोर शहराचा मनोरा वर येतो. अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं वळण नाही.”

“मला इथून लाल कोळी दिसतो.”

तो हसला नाही, हे मला आवडलं. मग मात्र तो म्हणाला, “तुमच्याकडे धूळ आहे. पण त्या दिवशी सायकली किती गेल्या, ते आहे का?”

नव्हतं. मला त्याचा आणखी राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

वळणावरच्या घरात आर्जियाआजी राहायची. नात्याने माझी कुणी नाही, पण गावात सगळे तिला आजीच म्हणतात. तिचा दिवस खिडकीत जायचा. दुच्चोने तिला एक बरणी आणि पांढऱ्या घेवड्याचे दाणे दिले. एक सायकल गेली की एक दाणा बरणीत. रोज सकाळी साडेसातला तो शहरातून सायकल हाणत यायचा, आदल्या दिवसाचे दाणे मोजायचा आणि आकडा माझ्या वहीत लिहायचा. मी नवी पट्टी लावायचे, आणि तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

“बघा,” म्हणायचा, “अंगठे लांब ठेवलेत.”

“ठेवा. पुढच्या वेळी कापीन.”

“कशाने? तुमच्या छाटणीच्या कात्रीने? तिला धार नाही. काल बघितली मी.”

दुसऱ्या दिवशी तो कात्रीला धार लावून घेऊन आला. मी आभार मानले नाहीत. मात्र दिवसभर त्या कात्रीने गरज नसलेल्या फांद्यासुद्धा कापल्या…

ऑगस्टच्या मध्यावर शहरात मोहल्ल्या-मोहल्ल्यांमधली घोड्यांची शर्यत होती. त्या दिवसांत सिएनाचा माणूस मेला तरी आपला मोहल्ला सोडत नाही. चार दिवस दुच्चो आला नाही आणि त्याचे सायकलवालेही आले नाहीत. बरणीत मिळून अकरा दाणे. पट्ट्यांवर धूळ मात्र नेहमीइतकीच. मी वहीत ‘वारा’ असं लिहिलं. वारा नव्हता. खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मी वहीपेक्षा रस्त्याकडेच जास्त पाहिलं.

मग माझ्या गाडीची क्लचप्लेट गेली. गॅरेजवाल्याने आठवडा मागितला. दुच्चोने दुकानातली एक सायकल आणून दिली. तिची सीट त्याने अंदाजाने लावली होती, आणि ती माझ्या उंचीला तंतोतंत बसली. याचाही राग यावा, इतकी मी तेव्हा बिथरलेली होते. आम्ही बरोबर बाग उतरायचो. खडीवर ब्रेक कसा दाबायचा ते तो सांगायचा. मी म्हणायचे, घर्षण मला शिकवू नका. वळणावर तो मुद्दाम मागे राहायचा, म्हणजे मनोरा मला एकटीला पहिल्यांदा दिसेल. तीन दिवसांनी ते माझ्या लक्षात आलं. मी नुसती हळू झाले.

त्या आठवड्यात पट्ट्या जवळजवळ स्वच्छ होत्या. रविवारी बरणीत एकशे चाळीस दाणे पडले, तरीही.

सभेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी आजीकडे शेवटचे दाणे आणायला गेले. गाडी दुरुस्त होऊन आली होती, तीच घेऊन गेले. आजीने घेवड्याची बरणी दिली. मग कपाटातून दुसरी काढली. ती काबुली चण्यांनी गच्च भरलेली होती.

“हे काय?”

“गाड्या. इतकी जोरात गेली की माझे पेले किणकिणतात, तर एक चणा. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण बसल्या बसल्या…” तिने बरणी माझ्या हातात ठेवली. “यातले बहुतेक तुझेच आहेत गं पोरी. सकाळी एक, संध्याकाळी एक. तुला सतत उशीर झालेला असतो.”

मी उभ्या उभ्या वही उघडली. चार दिवस सायकली नाहीत, धूळ आहे. एक आठवडा माझी गाडी नाही, धूळ नाही. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं.

“दुच्चोला दाखवलेत मी,” आजी म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात.”

तो वळणावर माझी वाट बघत होता. मी बरणी त्याच्यासमोर धरली.

“तुला माहीत होतं.”

दोन महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं, तेही असं. त्याच्या ते लक्षात आलं, आणि हसू आवरताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

“होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“कारण तू मोजत होतीस. आणि… मी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून पट्टी लावली नसतीस. मग मी सकाळी कुठे जायचं?”

“उद्या सभेत काय करणार होतास?”

तो सायकलची घंटी उगाच फिरवत राहिला.

“काही नाही,” शेवटी म्हणाला. “तुझ्या आईच्या ओळी वाचल्या असत्या.”

“माझ्या चुकीच्या आकड्यांवर डांबर पडू दिलं असतंस? तुझा रस्ता गेला असता.”

“हो.”

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आवाज बारीक व्हायच्याही पलीकडे गेला होता. “मला खोटं ठरू दिलं असतंस, दयेपोटी! हे प्रेम असेल, तर फार वाईट शास्त्र आहे.”

शब्द बाहेर पडला तेव्हा आम्ही दोघांनीही तो ऐकला. मी गाडीत बसले आणि निघून गेले. पहिल्या गियरमध्ये, माणूस चालतो तितक्या वेगाने. रागाने भरधाव निघून जायचंही सुख त्या रस्त्याने मला ठेवलं नव्हतं.

शुक्रवारी सभेत बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दुच्चो दाराशी उभा होता. मी दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या, वहीतले आकडे वाचले आणि म्हटलं, “धूळ सायकलींची नाही. वेगाची आहे. बरीचशी माझी आहे.” मागे कुणीतरी हसलं. पुढे जे बोलणं झालं त्यातलं मला फारसं आठवत नाही. डांबर नामंजूर झालं. गाड्यांना ताशी वीसची मर्यादा आणि वळणाच्या आधी दोन उंचवटे, एवढं ठरलं.

परतीच्या वाटेवर वळण आलं तसं बाबा म्हणाले, “दोन वर्षं मी त्या सायकलवाल्या पोरांना मुठी दाखवतोय.”

“हो बाबा.”

“ओळी एक वर्ष ठेवू. आणि तू जरा लवकर उठत जा.”

पाच दिवस दुच्चो आला नाही. मी मोजले. सहाव्या दिवशी, गुरुवारी, मी सायकलवरून वळण उतरले तर तो चौथ्या खांबाशी उभा होता, हात पाठीमागे बांधून.

“अजून रागावलीस?”

“खूप.”

“किती दिवस रागावशील?”

“पुरेशा नोंदी नाहीत. रोज यावं लागेल तुला.”

तो जवळ आला. सायकलवरून उतरताना मी घाम पुसला होता, त्यामुळे गालावर धुळीचा पट्टा उमटला असणार. त्याने अंगठा वर केला आणि थांबला… परवानगी मागितल्यासारखा. मी मान हलवली नाही, पण मागेही सरकले नाही.

त्याने गाल पुसला, अगदी सावकाश.

“किती होती?” मी विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण रागाने नाही.

“मोजली नाही,” तो म्हणाला.

हा माणूस कधी सुधारणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला खाली ओढलं.