साक्षीची कडी

चौकशीला आलेल्या बाईंनी चिनीमातीच्या एका फुटक्या चकतीवर लाल शाईचा थेंब सोडला. चकतीने तो क्षणात पिऊन टाकला.

"कच्ची आहे," बाई म्हणाल्या.

नीट भाजलेली चकती शाई पीत नाही. पण अशा तीन हजार कच्च्या चकत्यांचे कपॅसिटर बनले आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रांत जळाले. त्या दिवशी भट्टीच्या वहीत सही भट्टीवाल्या काकांची. एकतीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाला निवृत्तीच्या दोन महिने आधी हाकलायचं, पेन्शनवर पाणी सोडायला लावायचं, हे मालकांनी ठरवूनच टाकलं होतं. चौकशी आपली नावाला.

पण टेबलावर त्या खेपेची कडी होती. दर खेपेला चकत्यांबरोबर मातीची एक कडी भाजतात. जेवढी आच, तेवढी ती आकसते. ही कडी बरोब्बर मापाची होती. मग चकत्या कच्च्या कशा?

बाईंनी कडी उलटी केली. तळाला पांढरी भुकटी चिकटलेली. चकत्यांच्या तळाला मात्र पिवळी.

"काका, माल चिकटू नये म्हणून खाली काय पसरलं होतं?"

"पांढरी भुकटी. नेहमीचीच."

"नक्की?"

"भट्टी मी लावली बाई, मला नाही कळणार?"

बाईंनी कोठाराची वही उघडली. पांढरी भुकटी त्या खेपेच्या आदल्या दिवशीच संपली होती; खेपेला पिवळी दिली होती. मग बाई शेजारी उभ्या असलेल्या, चकत्या तपासणाऱ्या पोराकडे वळल्या. तो काकांचा मुलगा.

"मापून झालेल्या कड्या कुठे ठेवता?"

"कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडेच असते."

बाईंनी वही मिटली.

"काका, त्या दिवशी तुम्ही भट्टीवर नव्हताच. असतात, तर पिवळी भुकटी दिसली असती. कपाटाची किल्ली याच्याकडे, म्हणजे तुमच्या जागी हाच होता. याने आच लवकर बंद केली. कडी मोठी राहिली, म्हणून कपाटातली जुनी कडी तिच्या जागी ठेवली. चकत्या न तपासता 'पास'ही यानेच लिहिलं."

काका कबूल झाले. "याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. म्हटलं, पोरगा सांभाळेल. सही मी दुसऱ्या दिवशी केली." मग मुलाकडे वळून म्हणाले, "का रे?"

"मॅच होती."

"आणि माझ्यावर आळ आल्यापासून आठवडाभर माझ्यासमोर बसून जेवलास? एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तुमचे दोनच महिने राहिलेत, बाबा. माझी अख्खी नोकरी पडलीय."

बाईंना त्याची किळस आली.

"आपलेच दात, आपलेच ओठ," काका शेवटी म्हणाले. "बाई, माझंच नाव घाला."

"खोटं मी लिहिणार नाही."

"मग कबुली मी लिहून देतो."

काकांनी खिसे चाचपले. मुलाने चटकन आपलं पेन पुढे केलं.