दोघांचा जोडा

माझे पाय वाईट आहेत. जन्मभर लोकांच्या बांधावरून मोजणीची साखळी ओढत फिरलो, त्याचं हे बक्षीस. उजव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, करंगळ्या आत वळलेल्या. दुकानातला तयार बूट घातला की चार पावलांत डोळ्यांत पाणी येतं. म्हणून मी चालणंच सोडलं होतं. वाशीमच्या माझ्या घरात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो, दुसरीवर पाय ठेवतो.

मी जानराव, मोजणी खात्यातला निवृत्त भूकरमापक. नोकरीत एक गोष्ट शिकलो: साखळी खोटं बोलत नाही, धरणारा बोलतो. भूतखेत, मुंजा, आसरा हे सगळं वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच आमच्या गावच्या, किन्हीराजाच्या नाल्यात सोडून दिलं. आमच्या घरात त्याला जागा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी मला भोळा समजू नये.

माझी बायको भागिरथा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी धम्मदीपा नागपूरला नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं, आणि लग्नानंतर दोघं बंगळुरूला जाणार हेही ठरलं. तेव्हा पोरगी अडून बसली. बाबा सोबत आले तर जाईन, नाहीतर नाही.

"तुमी दिवसभर खुर्चीत बसून राह्यता," ती म्हणाली. "डॉक्टरनं चालाले सांगतलं, तर उठत नाही. एकट्याले कसं सोडू मी तुमाले?"

मी म्हणालो, एकटा कुठं आहे, शेजारी चतुराबाई आहे की. खरं तर चतुराबाईशी माझं बोलणं म्हणजे नळ आला की नाही आला, एवढंच. पण ज्या गावची भाषा कळत नाही तिथं लेकीच्या नव्या संसारात अडगळीसारखं पडून राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि तिनं माझ्यापायी थांबावं, हे तर त्याहून नको होतं. शेवटी तोडगा निघाला. मी रोज चालायचं. चाललो तर वाशीमात राहायचं, नाही चाललो तर मुकाट्यानं तिच्यामागे जायचं.

चालायला बूट हवा, म्हणून तिनंच बसस्टँडच्या मागचं एक नवं दुकान शोधून दिलं. तिथं यंत्रावर पायाचं माप घेतात आणि त्या मापाचे बूट बाहेरगावी बनून येतात. लग्नात घालता येतील असे काळे, नाडीचे, कातडी तळाचे.

दुकानात सपना नावाची मुलगी होती. मी म्हटलं, जोडा पाहिजे, लग्नात मिरवायला. ती गालात हसली. म्हणाली, "जोडा? दोघांचा?" मला वाटलं पोरगी म्हाताऱ्याची थट्टा करते आहे. मीही म्हटलं, हो हो, दोघांचाच.

मोजे काढून काचेच्या फळीवर उभा राहिलो. काच थंडगार होती. खालून निळा उजेड सरकत गेला आणि सपनासमोरच्या पडद्यावर माझे पाय उमटले, अंगठ्याच्या हाडासकट. ते इतके हुबेहूब होते की मला माझ्याच पायांची लाज वाटली. सपना पडद्यावरून मान वर न करता म्हणाली, "एकाएकानं उभं राहा ना, काका. मांगच्याले थांबू द्या जरा."

मी मागं पाहिलं. बुटांच्या खोक्यांची रास होती आणि उघडं दार. दारात कोणी गिऱ्हाईक येऊन गेलं असेल, असं मी धरलं. माझं झालं तसा मी खाली उतरून मोजे चढवू लागलो. सपना मात्र पडद्याकडे बघतच होती, आणि फळीखालचा निळा उजेड पुन्हा एकदा सरकला.

लग्नाच्या आधी पार्सल आलं. खोकी दोन निघाली.

एकात माझा जोडा. पाय घातला. कुठं टोचत नव्हतं, कुठं दाबत नव्हतं. असं सुख पायांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. दुसऱ्या खोक्यात तसाच काळा जोडा होता, तेच कातडं, तीच नाडी, पण अरुंद आणि लांबट. त्यातल्या डाव्या बुटाची टाच चांगली बोटभर जाड होती.

दुकानात फोन लावला. सपना म्हणाली, "तुमीच तर म्हणले काका, दोघांचा जोडा. तुमच्यासंगचे उभे राह्यले ना तुमच्यानंतर." मी विचारलं, कोण होतं, दिसायला कसं होतं? ती म्हणाली, "आमी पायच पाहतो काका. तोंड कुठं पाहतो? त्यायचा डावा पाय आखूड हाय, भार पडत नाही त्याच्यावर. म्हणून टाच वाढवली. आता चाल सरळ येईन."

आता जोडा हा शब्दच तसा. पायातल्या जोड्यालाही तोच आणि नवराबायकोलाही तोच. हल्लीची पोरं शूज म्हणतात, त्यांना म्हाताऱ्याचा जोडा कसा कळावा? तिला दोघांसाठी वाटलं आणि माझ्यानंतर आलेल्या कोणा लंगड्या माणसाचं माप माझ्या नावावर गेलं. धरणाऱ्याची चूक. मी स्वतःला तसं समजावलं.

तरी त्या संध्याकाळी मी माळ्यावरून भागिरथाची जुनी चप्पल काढली. खोटं कशाला बोलू, ते पाय तिचे असावेत असं मला मनापासून वाटत होतं. टेप लावला. तिचा पाय आखूड आणि पसरट, निंदण-खुरपणात बोटं फाकलेली. बुटाशी त्याचा काही मेळ बसेना. लंगडत तर ती कधीच नव्हती. मी चप्पल परत ठेवली आणि बराच वेळ स्टुलावर तसाच उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

मापाचा माल दुकान परत घेत नव्हतं. दुसरा जोडा दाराबाहेर पायरीवर माझ्या जोड्याशेजारी ठेवला. बाहेर दोन जोडे दिसले की चोरालाही वाटतं, घरात माणसं आहेत. माझा हिशेब एवढाच होता.

लग्न छान झालं. नव्या बुटांत मी मांडवभर ताठ फिरलो. पाहुणे म्हणाले, जानराव तरणे झाले. जाताना धम्मदीपा गळ्यात पडून रडली आणि कानात म्हणाली, "चालजा बाबा. मी इचारीन रोज."

ती गेली आणि माझं चालणंही गेलं. चालायचं कोणासाठी? बूट पायरीवर, पाय खुर्चीवर. संध्याकाळी तिचा फोन आला की मी म्हणायचो, हो, आत्ताच चक्कर मारून आलो. मोजणीत कधी खोटं लिहिलं नाही, ते लेकीशी बोलू लागलो.

तेव्हाच लक्षात आलं की रोजचा एक आवाज बंद झालाय. दुपारी माझं घर इतकं शांत असतं की शेजारी चतुराबाई खलबत्त्यात कुटते ते ऐकू यायचं. एक ठोका जड, एक हलका. एक जड, एक हलका. वर्षानुवर्षं त्या आवाजावर मला डुलकी लागायची. आता तो नव्हता, आणि मला झोप येईना.

नळावर चतुराबाई भेटली तेव्हा विचारलं, हल्ली कुटणं सोडलं का? तिनं हंडा खाली ठेवला.

"माह्याकडं कुठचा खलबत्ता, भाऊ? मिक्सर हाय. तो आवाज तं तुमच्याच घरातून येत होता."

मग ती म्हणाली की बरं झालं, आताशा माझ्याकडे कोणीतरी राहायला आलं आहे, दाराशी जोडा दिसतो. मी बादली उचलली आणि घरी आलो. आत जाताना पायरीकडे पाहिलं. दुसऱ्या जोड्याच्या कातड्यावर घडी पडली होती. चालताना बोटं वाकतात, तिथं पडते तशी. ऊन लागून पडली असेल म्हणून मी तो सावलीत सरकवला.

त्याच आठवड्यात धम्मदीपाचा फोन आला. दिवेलागणीची वेळ होती. माझं खोटं तिनं ओळखलं होतं.

"चतुरामावशीले इचारलं मी. तुमी घराबाहेर पडत नाही म्हणे. मी येतो म्हटलं, बाबा. तुमाले घेऊन जातो."

मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. तीच मध्ये थांबली.

"बाबा, तुमी चालून राह्यले काय?"

"काहून?"

"बुटाचा आवाज येऊन राह्यला ना. टक टक."

माझे पाय समोरच्या खुर्चीवर होते. अनवाणी.

मग मलाही ऐकू आलं. स्वयंपाकघरातून बैठकीकडे, बैठकीतून स्वयंपाकघराकडे. नव्या कातडी तळाचा, दोन्ही पायांचा अगदी सारखा आवाज.

"हो," मी म्हणालो. "घरातल्या घरात चालतो."

"किती सरळ पाऊल पडून राह्यलं तुमचं." तिचा आवाज भरून आला. "बरं झालं. आता नाही ओढत मी तुमाले. ऱ्हा तिथंच."

तिनं फोन ठेवला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. लेक सुटली होती, घर राहिलं होतं.

पावलं चालूच होती.

मी दिवा लावला नाही. त्या घरात फोनवाचून मी कोणाशी बोलून किती काळ झाला होता, आठवेना. घसा खाकरला. पाहुण्याला म्हणतात तसंच म्हणालो.

"आमच्यात घरात जोडा घालत नाहीत. बाहेर काढा."

पावलं थांबली. मग सावकाश दाराकडे गेली. पायरीवर कातडं कुरकुरलं, एकदा, पुन्हा एकदा.

आणि मग तो ओळखीचा आवाज आत आला. अनवाणी. एक जड, एक हलका. एक जड, एक हलका.

मी समोरच्या खुर्चीवरचे पाय खाली घेतले.