लाल दोऱ्याची चादर

ती चादर मी निव्वळ लोभापायी आणली, हे आधीच सांगते. बाळंतपणाच्या रजेच्या कागदावर सही करायला धुलाईखान्यात गेले होते. इस्पितळाच्या त्या धुलाईखान्यात माझी सतरा वर्षं गेली. तिथला एक नियम असा, की कोपऱ्यात लाल दोरा घातलेली चादर फाडून तिची फडकी करायची, अख्खी दाराबाहेर न्यायची नाही. का, ते कोणी सांगत नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. पण ही बाळंतिणींच्या वॉर्डातली होती, जाड आणि मऊ. माझी लेक तेव्हा दीड महिन्याची, एकेचाळिसाव्या वर्षी झालेली. म्हटलं, पोरीच्या अंगाखाली होईल. दोरा उसवला आणि चादर पिशवीत कोंबली.

चौथ्या दिवशी पोर त्या चादरीवर पालथी झाली. दोन महिन्यांची बसली. तिसरा सरत आला तशी रांगायला लागली. नणंद म्हणाली, म्हातारपणी झालीय ना वहिनी, तिलाच घाई आहे. नवरा म्हणाला, पुढच्या महिन्यात कामाला लावू. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग एक गोष्ट माझ्याच लक्षात आली. मांडीवर घेतली की हिची मान लटपटायची. पलंगावर ठेवली की तीन महिन्यांच्या पोरासारखी नुसते हातपाय झाडायची. बसणं, रांगणं, सगळं फक्त त्या चादरीवर.

एका दुपारी तिला चादरीवर ठेवलं आणि मी दारात लंगोटांच्या घड्या घालत बसले. डोळा मात्र तिच्यावर. खोलीत उकळत्या सोड्याचा वास आला, धुलाईखान्यातल्या हौदाचा असतो तसा. मग अगदी हळू आवाज... हूं... हूं... पोराला चुचकारताना बाई काढते तसा.

एरवी कुठलंही पोर तळवे टेकून उठतं. हिचे आधी दोन्ही हात वर गेले, मग अंग उचललं गेलं. झबलं दोन्ही बगलांत गोळा झालं होतं, कोणी तिथे धरल्यासारखं. पावलं चादरीला जेमतेम टेकत होती.

मी घड्या टाकून उठले. तिला कमरेला धरून ओढलं. ती येईना. पोर रडत नव्हती. एकदा माझ्याकडे बघायची, एकदा वर.

"सोड, बाई," मी म्हटलं. "तुझं काय गेलं, ते तुलाच ठाऊक... पण ही माझी आहे. हिला मी चालवीन. उशिरा का होईना, मीच."

मी कमरेची पकड सोडली नाही. मग झबल्याच्या चुण्या एकेक करून सुटल्या आणि तिची मान माझ्या खांद्यावर कलंडली. तिच्या वयाला शोभेल तशी.

चादर मी उभ्याउभ्या फाडली, दातांनी सुद्धा.

त्यानंतर पोर सात महिने कुशीवरसुद्धा वळली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तब्येत ठणठणीत आहे, वेळ घेईल. नणंदेची बडबड बंद झाली. मी कामावरून आले की रोज तासभर तिला वळवायची, उशा लावून बसवायची, उभी करून धरायची. घाम निघायचा दोघींचा, पण एक दिवस चुकवला नाही.

दीड वर्षाची झाली तेव्हा एका सकाळी न्हाणीतून आम्ही दोघी ओल्या पायांनी बाहेर आलो. मी मागून तिचे हात धरले होते. तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसरं. मी रडणारी बाई नाही, पण तेव्हा डोळे भरले. ते खांद्याला पुसून खाली बघितलं.

फरशीवर तिची इवलीशी पावलं, मागे माझी. आणि पुढे, आम्ही अजून पोचलोच नव्हतो तिथे, आणखी दोन ओली पावलं. बोटं आमच्याकडे, टाचा पलीकडे.

पोरीला तिथल्या तिथे वळवलं, हात घट्ट धरले आणि समोरच्या भिंतीकडे चालवायला लागले. पुढची फरशी कोरडी होती.

मग त्या कोरड्या फरशीवर आधी पाच बोटं उमटली, मागून टाच. लेकराला बोलावत मागे मागे सरकणाऱ्या बाईची उमटते तशी.