अकरा घरांचं गाव

बिश्केकहून नारिनला जाणाऱ्या भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो होतो. खिडकीशी झोपलेली म्हातारी, मध्ये मी आणि उजवीकडे तो – गुडघे पोटाशी घेतलेला, उंचच उंच. बाहेर डोलोन घाटात बर्फ भुरभुरत होता.

"एवढे उसासे? फोन बिघडलाय की नवरा?" त्यानं विचारलं.

"नवरा नाहीये. काम आहे," मी फणकारले. "आमच्या मदतसंस्थेच्या साहेबांना मदतकार्यावरच्या वाचण्याजोग्या ब्लॉगांची यादी हवीय, शुक्रवारपर्यंत. जिकडे बघावं तिकडे फीत कापणारे पाहुणे! मनासारखा एकच सापडला."

"कुणाचा?"

"खेड्यातला कुणी नळदुरुस्तीवाला लिहितो. नाव देत नाही. पण काय लिहितो! पंप कुणी दिला ते राहू दे, दुसऱ्या हिवाळ्यात तो चालतो का, ते सांगतो. ऐका—"

मी वाचत गेले आणि त्याचे कान लाल होत गेले. मला वाटलं, थंडीनं. मग मी पुढचा लेख उघडला.

"जुलैत एक बाई पाहणीला आली. जवळपास सगळं गाव गुरं घेऊन वरच्या कुरणात. तिनं बेचाळीस दारांची कुलपं पाहिली आणि लोक गाव सोडून गेले असं लिहिलं. पाणी मंजूर झालं अकरा घरांपुरतं. आम्ही त्रेपन्न घरं आहोत..."

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"का थांबलात?"

"ती बाई... मीच."

बिश्केकमध्ये वाढलेली, परतीच्या गाडीची घाई असलेली मी! एकालाही विचारलं नव्हतं.

तो हळूच म्हणाला, "आणि तो नळवाला मी. एर्मेक."

"मी बेगिमाय," मी कशीबशी म्हणाले.

"यादीत माझा ब्लॉग नका घालू. तुमची नोकरी जाईल."

"आणि तुमचं पाणी?"

त्यानं खिशातून कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खारट गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. मला रडूच यायला लागलं.

शुक्रवारी त्याचा ब्लॉग मी यादीत सर्वांत वर ठेवला आणि शेजारी लिहिलं, यातली चूक माझी. साहेब भयंकर तापले. अखेर म्हणाले, "जा. पुन्हा मोज. दार न् दार."

मी एर्मेकला कळवलं. मग रोज त्याचा नवा लेख माझ्याकडे तपासायला येऊ लागला. आठव्या दिवशी लेखच नव्हता. नुसतं – "जेवलीस का?"

नोव्हेंबरात मी त्रेपन्न दारं ठोठावली. शेवटचं दार त्याचं. त्याची आई चहा ओतत होती.

"तू लिहिलं नसतंस तर मी अजून ऐटीत फिरत असते," मी म्हणाले. "फार उपकार झाले तुझे, एर्मेक. मनापासून सांगतेय."

"उपकार राहू देत. फॉर्म भर."

"घरात माणसं किती?"

"दोन. पण... पेनानं नको लिहूस."

"का रे?"

"एकीला विचारायचंय. ती हो म्हणाली तर – तीन."

त्याच्या आईचा हात किटलीवरच थांबला. मी पेनानंच ठळक 'दोन' लिहिलं. एर्मेकचा चेहरा पार उतरला.

"आज आहेत तेवढीच लिहिणार. एकदा चुकलेय मी," मी म्हणाले. "वसंतात गुरं वर जायच्या आत लग्न कर माझ्याशी... मग मीच खोडून तीन करते."