बुंधा वर, शेंडा खाली

२१ नोव्हेंबर १९३८, सोमवार. कार्तिकातली अमावास्या. दिवसभर आभाळात एक ढग नव्हता. दिवस मावळला तसा तापीकडून गारठा सुटला आणि नंदुरबारच्या बाजारात दुकानदारांनी रोजच्यापेक्षा लवकर फळ्या लावल्या.

ही गोष्ट गिरधर मिस्तरीची. तो आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचा. सुतारकामात त्याचा हात असा की त्याने बसवलेलं दार लहान पोरानेही एका बोटाने लावावं. त्याने ही हकिकत मला दोनदा सांगितली, मध्ये बरीच वर्षं गेली होती, आणि दोन्ही वेळा ती एकच होती. म्हणून मीही तशीच सांगतो. ती शेगडी जरा इकडे सारा, आणि मध्ये कुणी उठू नका.

तर त्या संध्याकाळी मोतीलालशेटचा नोकर गिरधरला बोलवायला आला. शेटच्या नव्या इमारतीची दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा होती आणि पुढचं दार ऐनवेळी चौकटीत अडकत होतं. दार उतरवायचं, रंधा मारायचा आणि पहाटे पुन्हा चढवायचं. दार काढलेलं असताना दुकान उघडं राहणार, तेव्हा मिस्तरीने रात्री तिथेच निजावं, असा निरोप होता.

गिरधरच्या बायकोला, शोभाबाईला, ते पटलं नाही. ती चुलीपुढून म्हणाली, "अमावस्याले कोनी दार उतारस का?"

"दारले काय समजस अमावस्या शे ते?" गिरधर म्हणाला आणि हत्यारांची पेटी खांद्याला लावून निघाला.

तो हसला खरा, पण त्या इमारतीत त्याला जायचं नव्हतं. त्याचं कारण आधी सांगितलं पाहिजे.

तुम्ही आजचा बाजार बघता, विटांचा, मंगलोरी कौलांचा, वरती माड्या. तेव्हा तिथे दोन्ही अंगांना धाब्याची घरं होती. मातीच्या भिंती, मातीचंच सपाट छत, आणि ते सगळं सागाच्या खांबांवर तोललेलं. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि ती घरं एकेक करून उतरू लागली. चौकातलं कोपऱ्यावरचं घर दगूबाईचं. दगूबाई विधवा, पोटी कुणी नाही. मोतीलाल तिचा भाचा, तिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. त्याला त्या जागेवर कापडाचं दुकान आणि वर माडी बांधायची होती.

दगूबाईच्या घरात मधोमध एक खांब होता. सागाचा, गोल, कसलंही कोरीव काम नसलेला. त्या घरची रीत अशी की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या थोरल्या बाईने गेरूत हात बुडवून त्या खांबावर पाच बोटं उमटवायची, आपल्या कपाळाच्या उंचीला, टोकं वर. तिच्या सासूची बोटं त्यावर होती, सासूच्या सासूची होती. तिथे लाकूड गेरूने लालच झालेलं होतं.

मोतीलाल बोलणं करायला आला तेव्हा दगूबाईने गिरधरला मुद्दाम बोलावून घेतलं. तिचं मागणं एवढंच होतं की नव्या घरात हाच खांब उभा राहावा आणि त्याच्या पायथ्याशी तिला निजायला खोली असावी. मोतीलालने खांबावर हात ठेवून हो म्हटलं. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती गिरधरकडे वळली.

"गिरधर, तू काय म्हनस?"

"मी उभा करसू तो खांब, दगूमाय. मन्हा हातखाले."

त्या बोलण्यावर ती उठली. घर रिकामं केलं आणि इमारत पुरी होईतो तळोद्याला भाचीकडे जाऊन राहिली.

जुनं घर उतरवताना गिरधरने खांबाच्या बुंध्याला खूण केली. खांब उभा करायचा तो झाड उभं असतं तसा, बुंधा खाली आणि शेंडा वर. उलटा खांब कुठलाही सुतार जाणूनबुजून उभा करत नाही. उलट्या खांबाच्या घरात माणसाचे पाय ठरत नाहीत, असं त्याचा बाप सांगायचा.

मग मोतीलालने त्याला साग निवडायला अक्कलकुव्याकडे पाठवलं. लाकूड मनासारखं मिळेपर्यंत परत येऊ नको, म्हणाला. गिरधर परत आला तर भिंती उभ्या होत्या. काम बाहेरगावच्या ठेकेदाराला दिलेलं होतं आणि माडीचे वासेही चढले होते. दगूबाईचा खांब मागच्या खोलीत होता, हिरव्या तेलरंगाने रंगवलेला. गिरधरने नुसता हात फिरवला आणि खांब उलटा आहे हे त्याला कळलं. बुंध्याला वाळवी लागली होती. ठेकेदाराच्या माणसांनी खुणेसकट तेवढा भाग कापला आणि चांगलं टोक जमिनीच्या ओलीकडे असावं म्हणून खांब उलटा करून उभा केला होता. खोलीत कापडाचे गठ्ठे छातीपर्यंत रचले होते. म्हातारीची खाट मावेल एवढी जागा तिथे राहिली नव्हती.

तो तसाच मोतीलालकडे गेला. मोतीलाल रागावला नाही. त्याने गिरधरला पान दिलं.

"खांब घरमा शे का नई, मिस्तरी? मंग मन्हा शब्द कोठे मोडा? वरला मजला त्यान्हावर शे आते. नि मामीले तळोदामाच बरं वाटस."

गिरधरला ते पान गिळवेना आणि थुंकवेनाही.

दसऱ्याला तो तळोद्याला गेला, सगळं सांगायचं ठरवून. दगूबाई अंगणात काठी धरून बसली होती. फार वाळली होती. तिने पाणी विचारलं नाही, घरचं विचारलं नाही. पहिला प्रश्न तोच.

"खांब उभा शे ना रे?"

आणि गिरधर म्हणाला, "उभा शे, माय."

"मन्ही जागा?"

"शे."

ती इतकी हसली की त्याला पुढचं बोलताच आलं नाही. तिने कनवटीची पुरचुंडी काढली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला गेरूचा खडा. मी येईपर्यंत माझ्या नावाची पाच बोटं तू उमटव, म्हणाली. दातांनी ओढून गाठ पक्की केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती हत्यारांच्या पेटीत, तळाला ठेवली.

त्या अमावास्येच्या आठ-दहा दिवस आधी दगूबाई तळोद्यातच वारली. मोतीलाल मातीला गेला नाही. सुतक धरलं तर पूजेचा मुहूर्त पुढे जाईल म्हणून त्याने तो निरोपच बाजारात कुणाला सांगितला नाही. गिरधरला आठवड्याने कळलं. पुरचुंडी अजून पेटीतच होती. त्याने बोटं उमटवली नव्हती. उलट्या खांबावर टोकं कुठे करायची, वर की खाली, ते त्याला ठरवता आलं नव्हतं.

हे सगळं डोक्यात घेऊन तो त्या रात्री दुकानाशी आला.

मोतीलाल तिथेच होता, तोरणाची आंब्याची पानं मोजून घेत. गिरधरने दार उतरवलं. मग धीर करून म्हणाला की पूजेआधी खांब सुलटा करू, धिरा लावून वरचा भार धरता येईल, मजुरीही नको. मोतीलालने ऐकून घेतलं.

"म्हातारी तर गई. आते कोनले दखाडना शे?"

एवढं बोलून तो घरी गेला. माडीला जिना अजून बसायचा होता. वर जायला होती ती एकुलती शिडी मोतीलालने घरचं तोरण बांधायला नोकराच्या खांद्यावर देऊन नेली.

गिरधरने कंदील लावला. दाराला रंधा मारला, भुसा झाडला. दारावाचून उघड्या चौकटीतून रस्ता दिसत होता, रुंद आणि मोकळा. पूर्वी रात्री कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर खाट असायची, खोकल्याचा आवाज यायचा. आता ओटेच नव्हते. त्याने पेटी उशाला घेतली, घोंगडी ओढली आणि डोळे मिटले.

जाग आली ती आवाजाने.

ठक.

मग पाय घासल्यासारखं. मग पुन्हा ठक.

माडीवर कुणी चढलं असेल, चोर असेल, असं त्याला वाटलं. मग आठवलं, शिडी नाही.

"कोन शे?"

आवाज थांबला. रस्त्यावर एकही कुत्रं नव्हतं.

ठक. मागच्या खोलीत.

सुताराचा कान असतो. फळीवर वरून पाय पडला की फळी दबते, खिळा कुरकुरतो, सांध्यातून भुसा गळतो. त्याने कंदील उचलला आणि मागच्या खोलीच्या तोंडाशी जाऊन वर पाहिलं. भुसा गळत नव्हता. खिळे गप्प होते. आवाज मात्र होता. तो फळीच्या वरच्या अंगाने नव्हता. खालच्या अंगाने होता.

छताला चिकटून काहीतरी चालत होतं.

त्याला काही दिसलं नाही. हे तो शपथेवर सांगायचा, की दिसलं काहीच नाही. कंदिलाचा उजेड छतापर्यंत नीट जात होता. फळ्या दिसत होत्या. रिकाम्या.

ठक... पाय... पाय... ठक. काठी टेकत, दम खात. गठ्ठ्यांवरून. खांबाच्या दिशेने.

गिरधरला पळायचं होतं. त्याने कंदील आणखी वर धरला.

आवाज खांबापर्यंत गेला. थांबला. मग वळला. त्याच्याकडे यायला लागला.

ठक...

ठक...

अगदी डोक्यावर आला. आणि राहिला.

कंदिलाची ज्योत मोठी झाली, लहान झाली, गेली.

अंधार. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास. तो छतातून येत नव्हता. त्याच्या कपाळासमोरून येत होता. एक वीत अंतरावरून. वर पाय असलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल, तिथून.

"गिरधर..."

त्याने तोंड उघडलं.

"खांब उभा शे ना रे?"

...

"मन्ही जागा?"

...

तो बोलला असता तर काय झालं असतं, ते मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, बोलायला होतं काय माझ्याजवळ?

मग अगदी हळू, जवळच्या माणसाला म्हणावं तसं,

"तू बी..."

आणि ठक. दूर. ठक. आणखी दूर. मग काहीच नाही.

तो चौकटीत बसून राहिला, पाठ रस्त्याकडे, तोंड खोलीकडे. उजाडलं. मोतीलाल आला, मागून शिडी घेऊन नोकर आला. आपण दुसऱ्याच्या घरात शिरतोय असं मोतीलालला पहिल्यांदाच वाटलं असावं, कारण चपला काढताना त्याने आत पाहून हळूच विचारलं, "काय व्हयनं?" गिरधरने खांबाकडे बोट केलं.

हिरव्या खांबावर, छतापासून खाली दगूबाईच्या कपाळाएवढं अंतर सोडून, गेरूची पाच बोटं होती. टोकं खाली. गेरू ओला होता आणि एक ओघळ रंगावरून हळूहळू उतरत होता.

मोतीलालने आधी गिरधरचे हात उलटसुलट करून पाहिले. हातांना भुशाशिवाय काही नव्हतं. मग त्याने वर छताकडे पाहिलं.

"कोनले सांगानं नई, मिस्तरी," तो म्हणाला. "वरना खोलीन्हं काम तुलेच देसू."

गिरधरने दार चढवलं. ते एका बोटाने लागत होतं. मजुरी न घेता पेटी उचलून तो घरी आला. मोतीलालने दोन गवंडी बोलावून खांबाभोवती छतापर्यंत वीट लावून घेतली, वरून चुना दिला आणि पूजा ठरल्या मुहूर्तावर झाली. इमारत कोपऱ्यावर आहे. खांब आत आहे, बुंधा वर, शेंडा खाली.

घरी आल्यावर गिरधरने पेटी रिकामी केली. तळाला पुरचुंडी होती. दगूबाईने दातांनी ओढलेली गाठ जशीच्या तशी होती. ती सोडायला त्याला पटाशीचं टोक घालावं लागलं.

आत गेरू नव्हता. फडकं ओलं होतं.