उजव्या कडेची हाक

मोरू, बूड टेक जरा. पोलादपूरला पायीच निघालात ना सगळी पोरं? मग माझ्या शेजारच्या हैबतीचं ऐकून जा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

साल चौतीस. कार्तिक वद्य अष्टमी, रात्रीचे नऊ. चंद्र उगवायला अजून तीनेक तास होते. हैबती आणि त्याची बायको बनुबाई बिरवाडीहून, तिच्या माहेरून, गुरांसाठी पेंढा घेऊन निघाली होती. दोघांच्या डोक्यावर भारे. तो पुढं, ती मागं, रस्त्याच्या डाव्या कडेनं.

मोटारी तेव्हा नव्या. आपली माणसं बैलगाडीला सरावलेली. बैल वाटेतल्या माणसाला आपसूक चुकवतो, म्हणून मागं बघायची सवय कुणालाच नाही. त्यात डोक्यावर भारा असला की नुसती मान वळत नाही, अख्खं अंग फिरवावं लागतं. आदल्या वर्षी ह्याच रस्त्याच्या एका वळणावर आपली ठमाबाई तशीच गेली. मागं भोंगा वाजला, बघायला वळली, डोक्यावरची मोळी रस्त्यात आडवी झाली... फार मायाळू बाई होती रे. अजून जीव हळहळतो.

त्याच वळणावर ही दोघं आली. पलीकडून, उजव्या कडेनं, हाक आली.

"बनू गो..."

बनुबाई थबकली. "आवाज ठमाआत्याचा हाय."

"ओ देऊ नको," हैबती म्हणाला. "भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी येऊ दे, मग बोल."

आपल्याकडं हे लहानपणापासून शिकवतात. तुम्हालाही शिकवलंय.

"बनू गो, इकडं ये. मोटार तोंडासमोरून येऊ दे."

दुसरी.

बनुबाईनं ओ दिली नाही. पण भारा सावरत रस्ता ओलांडून गेली. हैबती भडकला.

"अगो, फिर मागं! येडी झालीस काय?"

"तुमीच या ना इकडं. पाया पडते तुमच्या."

तो हलला नाही. हट्टी होता, आणि घाबरलाही होता. दोन्ही एकदम.

मग तिसरी हाक आली.

"हैबती रे..."

तिसरी? की पहिली? हैबतीनं ती पहिली धरली. नाव त्याचं होतं ना. जागीच उभा राहिला.

"हैबती... ये रे..."

दोन.

तो थांबला. बनुबाई रडत होती. पलीकडं आता कुणी बोलेना.

तिसरी...

मागं उजेड पडला.

भोंगा.

हैबती वळला. अख्खा वळला. भाऱ्यासकट...

...

मोटार थांबलीसुद्धा नाही.

उजाडताना आम्ही पोचलो. बनुबाई रस्त्यातच बसली होती, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. रात्रभर तिथून उठली नव्हती. बाकीचं मागाहून कळलं; तेव्हा मला बघून एवढंच म्हणाली, "तिसरी हाक आलीच नाय, भावजी."

मला तिच्याकडं बघवेना. म्हणून पलीकडं गेलो.

उजव्या कडेच्या फुफाट्यात अनवाणी पावलं होती, पोलादपूरच्या दिशेनं गेलेली. एक बाईची, टाचेत खोल रुतलेली, डोक्यावर ओझं असल्यासारखी. तिच्या शेजारून पुरुषाची. डाव्या पावलाला अंगठा नाही. हैबतीचा अंगठा लहानपणीच कोयत्यानं गेला होता.

मैलभर मी त्या पावलांमागं चाललो. दोघांनी एकदाही कड सोडली नव्हती.